अरबी समुद्रातला एक बनावट त्रिकोण

भारताचा पश्चिम किनारा दाखवणारा एखादा साधा नकाशा घ्यावा, त्यावर ओमानमधील मस्कत, कच्छमधील मांडवी आणि आपले मालवण या तीन बंदरांवर खुणा कराव्यात आणि त्या पट्टीने जोडाव्यात. अरबी समुद्राच्या ईशान्येकडचा बराच मोठा भाग त्या त्रिकोणात येतो. आता सुमारे एकशे तीस वर्षांतल्या काही घटना या त्रिकोणात मांडून पाहू. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट, जिला तिच्यावरच्या विजेच्या दिव्यांमुळे लोक ‘वीजळी’ म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत मांगरोळच्या आसपास शेवटची दिसली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिचा सांगाडा आजवर सापडलेला नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी कोकण किनाऱ्यावर प्रवासी वाहतूक करणाऱ्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक प्रवाशांना घेऊन तळाशी गेली, आणि ही गोष्ट मुंबईला कित्येक तास कळली नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोका’ हे जंबो विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २५ मार्च १९८६ रोजी मस्कतहून जामनगरकडे येणारे भारतीय हवाई दलाचे एएन-३२ विमान सात जणांसह बेपत्ता झाले, ते आजही बेपत्ताच आहे. आणि १५ डिसेंबर २०१८ च्या रात्री कर्नाटकातल्या मलपे बंदराची ‘सुवर्ण त्रिभुज’ ही मासेमारी नौका सात खलाशांसह मालवणसमोरून गायब झाली.

बारकाईने पाहणाऱ्याच्या लक्षात येईल की मुंबई या त्रिकोणाच्या थोडी बाहेर पडते. त्याला इलाज सोपा आहे: रेषा जराशी पूर्वेला फुगवायची. मस्कत, मांडवी आणि मालवण या तिन्ही नावांचे पहिले अक्षर ‘म’ आहे, हेही गंभीर चेहऱ्याने नमूद करता येईल. त्यातल्या एका बुडालेल्या नौकेच्या नावातच ‘त्रिभुज’ आहे, म्हणजे तर सोन्याहून पिवळे. एवढ्या सामग्रीवर एक जाडजूड पुस्तक निघू शकते, आणि त्यात सांगितलेली एकही तारीख खोटी नसेल. तरीही ते पुस्तक वाचकाची फसवणूक करणारे ठरेल, कारण या घटनांना जोडणारी एकमेव गोष्ट म्हणजे आपण ओढलेली पट्टीची रेषा आहे.

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा त्रिकोणाची कथा याच रीतीने तयार झाली. फ्लोरिडाचा किनारा, बर्म्युडा बेट आणि पोर्तो रिको यांच्यामधल्या सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटर समुद्राला हे नाव व्हिन्सेंट गॅडिस या लेखकाने १९६४ साली एका अमेरिकी मासिकातल्या लेखात दिले. पुढच्या दहा वर्षांत त्यावर इतके लिहिले गेले की अ‍ॅरिझोनातल्या एका विद्यापीठात ग्रंथपाल असलेल्या लॅरी कुश यांनी कंटाळून, प्रत्येक घटनेच्या वेळची वर्तमानपत्रे, हवामानाच्या नोंदी आणि चौकशीचे अहवाल मागवून घेतले. त्यांना जे आढळले ते १९७५ साली प्रसिद्ध झाले. ‘शांत समुद्रात’ बुडालेली कित्येक जहाजे प्रत्यक्षात वादळात सापडली होती, काही घटना त्रिकोणापासून हजारो किलोमीटर दूर घडल्या होत्या आणि काही घडल्याच नव्हत्या. डिसेंबर १८७२ मध्ये माणसांविना तरंगत सापडलेले ‘मेरी सेलेस्ट’ हे शिडाचे जहाज या यादीत नेहमी असते. ते सापडले अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान, म्हणजे अटलांटिकच्या पार दुसऱ्या टोकाला. रेषा फुगवण्याची खोड आपल्यालाच आहे असे नाही.

या विषयाची सगळी गुंतागुंत ‘नाहीसे झाले’ या शब्दांत आहे. एखादे जहाज नाहीसे झाले असे आपण म्हणतो, तेव्हा जहाजाविषयी आपण फारसे काहीच सांगत नसतो. आपल्यापर्यंत बातमी पोहोचली नाही, एवढेच सांगत असतो. २०१७ च्या डिसेंबरातले उदाहरण देवगडच्या लोकांना आठवत असेल. ओखी चक्रीवादळाने केरळ आणि तमिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांना खोल समुद्रात गाठले, घरच्यांनी त्यांची नावे बेपत्तांच्या यादीत घातली, आणि त्यातल्या साठाहून अधिक नौका वाऱ्याने ढकलत ढकलत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आल्या. केरळच्या किनाऱ्यावर जी माणसे ‘नाहीशी’ झाली होती ती देवगड बंदरात बसून घरी फोन कसा लावायचा याची चौकशी करत होती. फोन लागेपर्यंत ती एका ठिकाणी हरवलेली आणि दुसऱ्या ठिकाणी समोर बसलेली, अशी दोन्ही होती. अशा वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: जहाज किंवा विमान बुडाले कशामुळे, आणि ते सापडले का नाही. गूढकथा हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवते आणि दुसऱ्याच्या उत्तरातला काळोख पहिल्यावर पसरवते.

आधी पहिला प्रश्न घेऊ आणि आपल्याच यादीतून नोव्हेंबर महिना उचलू. ‘वीजळी’ नोव्हेंबरात गेली, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ नोव्हेंबरात गेल्या, आणि २००९ साली फयान चक्रीवादळ कोकणात शिरून मासेमारी नौकांचे प्राण घेऊन गेले ती तारीखसुद्धा ११ नोव्हेंबरच होती. १९२७ आणि २००९ मधल्या तारखांचा हा मेळ पाहून अंगावर काटा यावा असे कोणालाही वाटेल. पण अरबी समुद्रातली चक्रीवादळे वर्षभर विखुरलेली नसतात. ती मुख्यतः पावसाळ्याच्या आधी, मे आणि जूनच्या सुरुवातीला, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. भर पावसाळ्यात समुद्रावर खालच्या थरात नैर्ऋत्येचा जोरदार वारा असतो आणि वरच्या थरात नेमका उलट, पूर्वेकडून येणारा. त्यामुळे चक्रीवादळाचा उभा मनोरा उभा राहण्याआधीच त्याचे डोके एकीकडे आणि पाय दुसरीकडे ओढले जातात. पाऊस सरला, वाऱ्यांचा हा विरोध ओसरला आणि समुद्राचे पाणी अजून ऊबदार आहे, अशी वेळ शरदाच्या शेवटी येते. म्हणजे दोन वादळांच्या तारखा जुळण्याचा योग तीनशे पासष्ट दिवसांतून काढायचा नसून थोड्याच आठवड्यांतून काढायचा आहे. त्यात शंभर वर्षांच्या नोंदी चाळल्यावर एखादी जोडी जुळली नसती, तरच ते जरा नवलाचे झाले असते.

कोकणच्या माणसाला नोव्हेंबर फसवतो, हेही येथे सांगायला हवे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून बोटी बाहेर पडतात, दसरा-दिवाळीपर्यंत पाणी निवळते, रात्री जमिनीवरून मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा असे रोजचे वेळापत्रक बसते, आणि सगळ्यांचा समज होतो की आता मे महिन्यापर्यंत चिंता नाही. १८८८ च्या आगबोटीच्या कप्तानाजवळ वायुभारमापकाचा पारा आणि स्वतःचे डोळे यांपलीकडे फारसे काही नव्हते. वादळाचे फिरते ढग वरून दाखवणारे उपग्रह यायला अजून पाऊण शतक होते आणि समुद्रातून किनाऱ्याशी बोलण्याचे बिनतारी साधन निघायचे होते. अशा बोटीला वादळाने गाठले तर ती शेवटचा निरोप देऊ शकली नाही यात गूढ कसले? निरोप द्यायला तोंडच नव्हते.

‘रामदास’ची गोष्ट निराळी आहे, आणि ती वादळाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. पाऊस होता, वारा होता, आषाढी अमावास्येचे उधाण होते. पण ते चक्रीवादळ नव्हते. रेवस मुंबईपासून जलमार्गाने तास-दीड तासावर. काशाच्या खडकाजवळ बोट लाटांनी एका बाजूला कलली, भेदरलेल्या प्रवाशांची एका बाजूकडून दुसरीकडे धाव झाली आणि बोट उलटली. हे इतके झटपट का होते, हे समजण्यासाठी एक परात घ्यावी, तिच्यात दोन बोटे पाणी ओतावे आणि ती दोन्ही हातांत धरून ओटीवरून पडवीपर्यंत चालत जावे. परात जराशी कलली की पाणी त्याच बाजूला धावते, त्या पाण्याच्या वजनाने परात आणखी कलते आणि पाणी आणखी धावते. बोटीत शिरलेले पाणी नेमके असेच वागते, आणि वरच्या डेकवर दाटीने उभी असलेली माणसेही तशीच वागतात. बोट सरळ करण्याचा तिचा नैसर्गिक जोर एका ठरावीक कोनापर्यंतच टिकतो. तो कोन ओलांडला की तोच भार तिला उलटी करतो, आणि या सगळ्याला काही मिनिटेसुद्धा पुरतात. ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला ही बातमी कळली ती पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. त्यांपैकी कोणीच वाचले नसते, तर मुंबईच्या दाराशी, दोन्ही किनारे दिसतील अशा पाण्यात, एक बोट ‘गायब’ झाल्याची कथा आज आपण ऐकत असतो.

परातीचे हे गणित मोठ्या मालवाहू जहाजांनाही लागू आहे, आणि तेथे तर पाणी बाहेरून आत शिरण्याचीही गरज नसते. लोहखनिजाची बारीक पूड पावसात भिजलेली असेल आणि तशीच जहाजात भरली, तर इंजिनाच्या थरथराटाने आणि लाटांच्या हेलकाव्यांनी तिच्या कणांमधले पाणी वर येते आणि घट्ट वाटणारा ढीग अचानक चिखलासारखा वाहू लागतो. भरतीच्या रेषेजवळच्या ओल्या वाळूवर पाय आपटत राहिले की ती कशी लिबलिबीत होते, हे आपण सगळ्यांनी केलेले आहे. जुलै २००९ मध्ये मंगळूरहून असा माल घेऊन निघालेले ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज याच कारणाने कलंडून बुडाले. किनारा जवळ होता म्हणून त्यावरची माणसे वाचली. हेच भर महासागरात, रात्री दोन वाजता घडले असते तर? बर्म्युडा त्रिकोणातली सर्वांत मोठी घटना मानले जाणारे ‘सायक्लॉप्स’ हे अमेरिकी नौदलाचे जहाज मार्च १९१८ मध्ये ३०६ माणसांसह नाहीसे झाले. ते मुळात कोळसा वाहण्यासाठी बांधलेले होते. शेवटच्या फेरीत त्याच्यात कोळशाहून कितीतरी जड असे सुमारे अकरा हजार टन मँगनीज खनिज होते, आणि त्याच्या दोनपैकी एक इंजिन निकामी होते. त्याच बनावटीची ‘प्रोटियस’ आणि ‘नेरियस’ ही दोन जहाजे १९४१ च्या अखेरीस, जड खनिज घेऊन जात असतानाच, काही दिवसांच्या अंतराने नाहीशी झाली. तिन्ही भावंडे सारख्याच ओझ्याखाली गेली, ही गोष्ट गूढकथेत सांगितली जात नाही, किंवा सांगितली तर गूढ वाढवण्यासाठी सांगितली जाते.

विमानांकडे वळताना ‘एम्परर अशोका’पासून सुरुवात करावी, कारण ते कोठे पडले हे कोणालाही शोधावे लागले नाही आणि त्यामुळे ते का पडले हे आपल्याला कळले. सांताक्रूझहून दुबईला निघालेले ते विमान हवेत उठून किनारा ओलांडून समुद्रावर गेले, तेव्हा पुढे काळोखाखेरीज काही नव्हते. विमान एका बाजूला झुकले आहे की सरळ आहे, हे वैमानिकाला दिवसा क्षितिज सांगते. अंधाऱ्या समुद्रावर आकाश आणि पाणी यांना जोडणारी रेषाच नसते, तेव्हा ते काम समोरच्या तबकडीवरच्या कृत्रिम क्षितिजाला करावे लागते. उजवीकडचे एक साधे वळण संपवून विमान सरळ झाले, पण कप्तानासमोरची तबकडी ते अजूनही उजवीकडे झुकलेलेच दाखवत राहिली. तो झुकाव दुरुस्त करण्यासाठी त्याने विमान डावीकडे झुकवले, आणखी झुकवले, आणि उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी ते २१३ माणसांसह पाण्यावर आदळले. आपल्या कानाच्या आतल्या पोकळीतला द्रव आपल्याला तोल सांगतो, पण तो हळू आणि लांब वळणाला लवकरच सरावतो आणि मग वळण थांबले की उलट दिशेला फिरल्याचा भास करून देतो. काळोखात, ढगात किंवा धुक्यात शरीराच्या या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्यांदा या अपघातामागे घातपाताचा संशय घेतला गेला होता. वांद्र्यासमोर पाणी उथळ आहे, अवशेष आणि ध्वनिमुद्रक हाती आले, म्हणून तो संशय मागे पडला. हेच विमान आणखी दोन तासांनी भर समुद्रात पडले असते, तर आपल्या त्रिकोणाला एक रत्न लाभले असते.

याच्या शेजारी ‘फ्लाइट १९’ ठेवून पाहण्यासारखी आहे. ५ डिसेंबर १९४५ रोजी फ्लोरिडातून सरावासाठी निघालेल्या अमेरिकी नौदलाच्या पाच अ‍ॅव्हेंजर विमानांची ही तुकडी चौदा जणांसह परतली नाही. तिचा प्रमुख लेफ्टनंट चार्ल्स टेलर याने बिनतारीवरून होकायंत्रे बिघडल्याचे कळवले होते आणि आपण फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या छोट्या बेटांवर आहोत अशी त्याची समजूत होती. ती विमाने बहुधा बहामाच्या बेटांवर होती. दक्षिणेकडची बेटे समजून तो मुख्य भूमी गाठण्यासाठी ईशान्येकडे जाऊ पाहत होता आणि प्रत्यक्षात उघड्या अटलांटिकमध्ये शिरत होता. रात्र झाली, हवा बिघडली, इंधन संपले. मुंबईच्या वैमानिकाने चुकलेल्या यंत्रावर विश्वास ठेवला, तर फ्लोरिडाच्या वैमानिकाने बहुधा चांगल्या यंत्रावर ठेवला नाही. दोघांच्याही खाली समुद्र होता आणि दोघांनाही चूक पडताळण्यासाठी एकही ओळखीची खूण नव्हती. नौदलाच्या पहिल्या अहवालात टेलरवर ठपका होता; त्याच्या आईने तो मान्य केला नाही, आणि पुढे अहवालात ‘कारण अज्ञात’ असे शब्द आले. एका आईचे समाधान करण्यासाठी लिहिलेले हे दोन शब्द नंतर लोकांनी ‘नौदलालाही उलगडा झाला नाही’ असे वाचले. त्याच रात्री शोधाला गेलेले मरिनर जातीचे विमानही तेरा जणांसह नष्ट झाले, पण ते नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. वाटेतल्या एका जहाजाने आकाशात ज्वाळा पाहिल्या होत्या, आणि त्या जातीच्या विमानांत पेट्रोलची वाफ साठण्याची खोड माहीत असलेली होती.

होकायंत्रांचा विषय निघालाच आहे तर अलिबागचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बर्म्युडा त्रिकोणात होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तरेऐवजी खऱ्या, म्हणजे भौगोलिक ध्रुवाच्या, उत्तरेकडे दाखवते आणि म्हणून जहाजे चुकतात, असे अजूनही लिहिले जाते. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर जेथे एका रेषेत येतात अशी एक वाकडीतिकडी रेषा पृथ्वीवरून जाते, ती काळानुसार सरकते आणि एकेकाळी ती त्या भागातून जात होती, एवढे त्यात तथ्य आहे. मात्र अशा ठिकाणी नाविकाचे काम सोपे होते, कारण त्याला दोन्हींमधला फरक वजा करावा लागत नाही. शिवाय आज मुंबई आणि उत्तर कोकणाच्या परिसरातही हा फरक जवळजवळ शून्य आहे, आणि त्यामुळे रेवसची लाँच कधी चुकून एडनला गेल्याचे ऐकिवात नाही. होकायंत्र खरोखर बिघडते ते जवळच्या लोखंडाने आणि विजेच्या प्रवाहाने. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणे १९०४ साली अलिबागला हलवावी लागली आणि तेथे इमारत बांधतानाही चुंबकीय नसलेलीच सामग्री वापरली गेली, हा इतिहास अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतो.

सगळीच चमत्कारिक स्पष्टीकरणे टाकाऊ असतात असे मात्र नाही. समुद्रतळाखाली गोठलेला मिथेन वायू एकदम सुटून पाणी फेसाळते आणि त्यात जहाज खडा टाकल्यासारखे बुडते, ही कल्पना प्रयोगशाळेतल्या टाकीत खरी करून दाखवता येते. पण बर्म्युडाच्या परिसरात गेल्या पंधरा हजार वर्षांत असा मोठा उद्रेक झाल्याचे अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञांना आढळलेले नाही. तेव्हा ती बाजूला ठेवावी. याउलट अकस्मात उठणाऱ्या राक्षसी लाटेची गोष्ट पाहा. आजूबाजूच्या लाटांच्या दुप्पट उंचीची एकच भिंत समोर उभी राहिली, असे खलाशी पिढ्यानपिढ्या सांगत होते आणि शास्त्रज्ञ ते दर्यावर्दी गप्पांत जमा करत होते. डिसेंबर १९७८ मध्ये ‘म्युन्शेन’ हे मोठे जर्मन जहाज अटलांटिकमध्ये नाहीसे झाले. तिची एक जीवनरक्षक होडी सापडली, तिचा आधाराचा खिळा एखाद्या प्रचंड आघाताने वाकलेला होता, आणि ही होडी मुळात पाण्यापासून सुमारे वीस मीटर उंचीवर टांगलेली होती. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रात उभारलेल्या ड्रॉप्नर या नॉर्वेजियन फलाटावरच्या यंत्राने २५.६ मीटरची एकच लाट मोजली, तेव्हा आसपासच्या मोठ्या लाटा सुमारे बारा मीटरच्या होत्या. वेगवेगळ्या दिशांच्या आणि वेगांच्या लाटांचे माथे एका क्षणी एका जागी आले, किंवा प्रवाहाने लाटांना समोरून दाबले, की असे होऊ शकते. तांडेल जे सांगतो ते खोटे ठरवण्याची घाई अभ्यासकांनीही करू नये, असे मला त्या आकड्याकडे पाहून वाटते.

कोकणातल्या गिऱ्ह्याबद्दलही माझे असेच काहीसे मत आहे. बुडालेल्या माणसाचा गिऱ्हा होतो आणि तो दुसऱ्याला पाण्यात ओढतो, यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण गिऱ्ह्याच्या जागा गावाने कोठे ठरवल्या आहेत ते पाहावे. खाडीच्या मुखाशी, जेथे ओहोटीचे वेगाने बाहेर पडणारे पाणी आणि आत येणारी लाट वाळूच्या दांड्यावर एकमेकांना भिडतात, तेथे चांगला पोहणाराही सापडतो. कारण चुकीचे सांगितले तरी जागा बरोबर दाखवली गेली असणे शक्य आहे.

आता दुसरा प्रश्न, सापडत का नाही. समजा हर्णैहून निघालेला एक ट्रॉलर ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जात आहे आणि त्याच्याशी झालेल्या शेवटच्या बोलण्यानंतर पाच तासांनी काळजी सुरू झाली. त्याने दिशा बदलली असण्याची शक्यता धरली, तर तो त्या शेवटच्या ठिकाणाभोवतीच्या पंच्याहत्तर किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोठेही असेल. या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेसतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर जाते. रायगड आणि रत्नागिरी हे दोन्ही जिल्हे मिळूनही याहून लहान आहेत. त्यात दुसऱ्या नौकेच्या डेकवर उभा असलेला शोध घेणारा माणूस, पाण्यापासून चार मीटर उंचीवरून, फार तर सात किलोमीटरपर्यंतचे पाणी पाहतो, आणि पाण्यात तरंगणारे माणसाचे डोके त्याला काहीशे मीटरपलीकडे दिसत नाही. त्यावर प्रवाह. ताशी एक सागरी मैल हा फार मोठा प्रवाह नव्हे, तरी तो चोवीस तासांत फळकुटे चव्वेचाळीस किलोमीटर दूर नेतो. फ्लोरिडाजवळचा गल्फ स्ट्रीम याच्या चौपटीपर्यंत जातो. मार्च २०१४ मध्ये २३९ जणांसह बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाच्या पंखाचा तुकडा सोळा महिन्यांनी रियुनियन बेटावर, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूला, लागला. ते विमान मार्ग सोडून का वळले, हे अजून ठरलेले नाही, आणि त्यामागे माणसाचा हेतूही असू शकतो; समुद्रातल्या प्रत्येक घटनेचे कारण निसर्गातच असले पाहिजे असा हट्ट धरण्याचे कारण नाही.

खोली तर याहून कठीण. एअर फ्रान्सचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये पडले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्यावर वैमानिकांचा गोंधळ उडाला होता. त्याच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून अवशेष जेमतेम बारा किलोमीटरवर होते, पण पाणी जवळपास चार किलोमीटर खोल होते, आणि ते सापडायला एप्रिल २०११ उजाडला. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले आपले एएन-३२ एकोणतीस जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. साडेसात वर्षे त्यावर अनेक तर्क लढवले गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने ३,४०० मीटर खोलीवर काढलेल्या छायाचित्रांत त्याचे अवशेष दिसले. या मानाने कोकणासमोरचा समुद्र शोधणाऱ्याला अनुकूल आहे, कारण खंडाचा उथळ फलाट किनाऱ्यापासून बराच दूरपर्यंत पसरलेला आहे. ‘सुवर्ण त्रिभुज’चे अपहरण झाले, चाच्यांनी नेली, अशा अफवा कित्येक महिने उठत राहिल्या. १ मे २०१९ रोजी नौदलाच्या ‘निरीक्षक’ या जहाजाच्या पाणबुड्यांना ती मालवणपासून सुमारे तेहतीस किलोमीटरवर, साठ मीटर पाण्याखाली सापडली. ती बुडाली कशामुळे, यावर पुढेही वाद होत राहिला. ती गेली कोठे, यावर मात्र त्या दिवसानंतर कोणी बोलले नाही.

यादीतली दोन नावे उरतात. १९८६ चे एएन-३२ मस्कत आणि जामनगर यांच्यामध्ये कोठेही असू शकते, आणि त्या वाटेवरचा समुद्र बऱ्याच ठिकाणी तीन किलोमीटरहून खोल आहे. ‘वीजळी’ची गोष्ट वेगळी आहे, कारण मांगरोळसमोरचा तळ उथळ फलाटावरच आहे. तेथे ती गाळाखाली असेल, तर तळाच्या चिखलात खोलवर ध्वनिलहरी पाठवणारी यंत्रे तिची आकृती दाखवू शकतात, आणि तिचा सांगाडा हाती लागला तर तपासणारे प्रथम तिच्या नाळेकडे (म्हणजे पुढच्या टोकाकडे), डेकवरच्या दारांकडे आणि माल भरण्याच्या तोंडावरच्या झाकणांकडे पाहतील. पाणी कोठून शिरले याची खूण तेथे राहते. १९८० साली ओकिनावाजवळच्या वादळात एकही हाक न देता चव्वेचाळीस माणसांसह गेलेले ‘डर्बीशायर’ हे प्रचंड ब्रिटिश जहाज चौदा वर्षांनी चार किलोमीटर खोलीवर सापडले, आणि त्याच्या बाबतीत उत्तर मिळाले ते नाळेच्या बाजूने पाणी भरत गेल्यावर लाटांखाली दबलेल्या पुढच्या झाकणांतच.